आत्याची राखाडी चौकट

भूतबित, करणी, संकेत... आमच्या घरात यांना थारा नाही. आम्ही बुद्धिस्ट, त्यात मी वेब डिझायनर – पान बिघडलं तर कोड तपासायचा, लिंबू उतरवायचं नाही. तरीही २००८ साली भर दुपारी जे घडलं ते इथे लिहितोय. हसायचं तर हसा.

अंबरनाथ पश्चिमेला आमचं वन रूम किचन. आत्या आमच्याकडेच असायची. भीमजयंतीला ती माइकसमोर गायला उभी राहिली की अख्खी वस्ती गप्प व्हायची! त्या वर्षी तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोलणं परत येईल का, डॉक्टरही सांगेनात. तिला सगळं समजायचं, पण पाणी हवंय हेसुद्धा सांगता यायचं नाही. मग ती रडायची. ते बघवायचं नाही.

मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी सेठकडे व्यापाऱ्यांच्या वेबसाइटसाठी ऑर्डर फॉर्म बनवायचो. तीच विद्या वापरून आत्यासाठी एक पान केलं. मोठ्या चौकटी, प्रत्येकीत चित्र – पाणी, चहा, पंखा, दुखतंय, गाणं. कीबोर्डवरचा टॅब दाबला की पुढच्या चौकटीला पिवळी कड, स्पेस दाबला की ती हिरवी. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, प्रत्येक अवस्थेला एक रंग, बस. गाणी अजून कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घ्यायची होती, म्हणून 'गाणं' डिसेबल करून राखाडी ठेवलं. डिसेबल म्हणजे टॅब तिथे थांबतच नाही, माउसनेही काही होत नाही.

आत्या पटकन शिकली. डाव्या हाताने टॅब, टॅब, स्पेस... की चहा! चुकलं तर पुन्हा स्पेस दाबून स्वतःच रंग उतरवायची. इतकी हुशार युजर मला पुन्हा भेटली नाही.

त्या दुपारी मी जेवत होतो. आई वाढता वाढता म्हणाली, "अरे, आत्याला गाणं पाहिजे. लाव ना."

ती चौकट बंद आहे, असं सांगत मी वळलो... तर स्क्रीनवर 'गाणं' हिरवंगार. आणि आत्या माझ्याकडे रोखून बघतेय.

लावायला गाणं नव्हतंच. पण तिला नाही कसं म्हणू? मीच एक भीमगीत सुरू केलं. माझा आवाज म्हणजे खड्ड्यातून जाणारी रिक्षा. पहिली ओळ संपायच्या आत आत्याने डावा हात वर केला – थांब. आणि तीच ओळ तिने म्हणून दाखवली. सुरात... शब्दांसकट. आई वाढणं सोडून आत्याजवळ येऊन बसली. मी रडलो, खोटं कशाला सांगू?

वाचा गेलेली माणसं कधी कधी गाऊ शकतात, असं नंतर डॉक्टरांनी समजावलं. ते पटलं. पण चौकटीचं काय? कोडमध्ये डिसेबल जसंच्या तसं होतं. मी नाना खटपटी केल्या, ती काही हिरवी झाली नाही. सेठ म्हणाला, "अरे साईं, कॅश का लोचा होगा, छोड ना." कॅश म्हणजे ब्राउझरने साठवलेलं जुनं पान; त्याने असं होत नाही, हे त्याला कोण सांगणार!

पुढच्या जयंतीला आत्या खुर्चीत बसून गायली, आणि वस्ती पुन्हा गप्प झाली. साधं बोलणं मात्र तिला शेवटपर्यंत जमलं नाही. बंद चौकट कशी दाबलीस गं, असं विचारलं की ती हसायची, टॅब दाबायची आणि चहा मागायची.

मी चहा ठेवायला उठायचो. उत्तर मला आजही मिळालेलं नाही.