कापसात गेलेली शाळा

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका शाळेत मी शिक्षणाधिकारी साहेबांबरोबर त्यांचा कारकून म्हणून तपासणीला गेलो होतो. नव्या अभ्यासक्रमासाठी दिलेले टॅब कपाटात नव्हते. साहेब तापले. शाळेवरच्या एकमेव बाईंनी हातावरची खडूची पूड झटकली.

"पोरी मायसंगं कापूस वेचाले गेल्या, साहेब. नापिकीत मजूर लावनं कोनाले परवडते? त्या शाळेत येऊन नाही राहिल्या, म्हून शाळाच वावरात धाडली."

"टॅब फुटले तर?"

"फुटू द्या. कुलपात ठेवून कोन शिकलं?"

"उद्या सगळे परत पाहिजेत."

"वेचनी झाल्याबिगर नाही."

साहेबांनी मला शेरा सांगितला, ‘बाई ऐकत नाहीत.’ मी लिहिला. इतकं खरं वाक्य त्या नोकरीत मी क्वचितच लिहिलं असेल.