लाडूची न विंचरलेली बाजू

दादाच्या कुत्र्याच्या केसांविरुद्ध सोसायटीकडे आलेला तो निनावी अर्ज मी लिहिला होता. दादा हयात असताना मी हे लपवले, आणि तो गेल्यावरही कित्येक दिवस हे वाक्य मला कुणापुढे उच्चारता आले नाही.

बदलापूरला आम्ही दोघे भाऊ एकाच इमारतीत राहत होतो; मी पहिल्या मजल्यावर, तो माझ्या डोक्यावर, दुसऱ्या. अंबरनाथ एमआयडीसीतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने लाडूला आणले. पांढरा, दाट केसांचा. रोज सकाळी दादा त्याला गॅलरीत घेऊन बसे. आधी बोटांनी कानांमागच्या गाठी सोडवायच्या, मग तारेचा ब्रश, शेवटी फणी. मुळापाशी ओढायचे नाही, टोकाकडून सुरुवात करायची. आयुष्यभर यंत्रे उघडलेले ते हात तिथे विलक्षण हलके होत... आणि ती मऊ लव उडून खाली माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. एक हाक मारली असती तरी पुरे होते. पण समोर बोलणे मला लहानपणापासून जमले नाही. मी लिहिले. ‘रहिवाशांच्या आरोग्यास बाधा’ असे शब्द योजले, टाइप करून घेतले आणि तक्रारपेटीत टाकले.

नोटीस घेऊन दादा माझ्याकडेच आला. “बघ रे, कोणाला तरी आमच्या लाडूची ॲलर्जी झालीय. तूच खुलासा लिहून दे. मी लिहिला तर त्यात शिव्याच जातील.” मी तोही लिहिला. ‘यापुढे दक्षता घेईन’ हे त्याच्या वतीने मीच कबूल केले. वाचून तो म्हणाला, “काय लिहितोस रे! अर्ज करणाऱ्याला लाज वाटेल.”

दुसऱ्या दिवसापासून तो लाडूला गच्चीवर नेऊ लागला. चार मजली इमारतीला लिफ्ट नाही. लाडूचे मागचे पाय म्हातारपणाने गेलेले. दादाच्या हृदयात स्टेंट. कुत्र्याला छातीशी धरून तो तीन मजले चढे. जिन्यातून त्याची धाप मला ऐकू येई. मी दार लावून घेई.

एका सकाळी वहिनींनी वरून हाक मारली, “भाऊजी, लवकर या, हे उठत नाहीत.” गच्चीवर दादा पाण्याच्या टाकीला टेकून होता, ब्रश मुठीत. लाडूची डावी बाजू चमकत होती. उजवी तशीच राहिली होती. हे कधीही होऊ शकले असते, असे डॉक्टर म्हणाले. सर्वांनी ते मानले. मला मानता येत नाही.

त्यानंतर लाडू उजव्या बाजूला कुणाला हात लावू देईना. केसांची घोंगडी झाली, खालची कातडी लाल झाली. “उल्हासनगरला नेऊन भादरून आणा म्हणतात सगळे,” वहिनी म्हणाल्या, “पण ह्यांना ते आवडलं नसतं. तुम्ही बघता का? तुमचा हात ह्यांच्यासारखाच हलका आहे.”

गेल्या रविवारी मी बोटांना खोबरेल लावून बसलो. वहिनींनी लाडूचे डोके मांडीवर घेतले. त्याने माझा हात हुंगला आणि निमूट आडवा झाला. त्याने मला क्षमा केली असे मानण्याचा मोह झाला. पण त्याला बिचाऱ्याला ठाऊक तरी काय होते? दुसरी गाठ सुटली तेव्हा मी म्हणालो, “वहिनी, तो अर्ज माझा होता.”

“काय म्हणालात? ऐकू नाही आलं.”

‘काही नाही’ म्हणता आले असते. आयुष्यभर तेच म्हणत आलो होतो. मी केसांतून बोटे काढली आणि जिन्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, “तो अर्ज मी केला होता, वहिनी. दादाला गच्चीवर चढवलं ते मी. मला माफ करा.”