नंदाबाईच्या बाटल्या

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तीन डॉक्टर होते आणि एक नंदाबाई. डॉक्टरांचं कुणी ऐकत नसे. नंदाबाई ठेकेदाराकडची सफाई कामगार. उंची चार फूट दहा इंच, त्यातली निम्मी नुसत्या आवाजाची. ती वॉर्डात शिरली की सलाइनचे थेंबसुद्धा रांगेत पडतात, असं पेशंट म्हणत.

तिचं खरं वैर एकाच वस्तूशी होतं, सुईशी. इंजेक्शन दिलं की सिस्टर सुई कोपऱ्यातल्या बादलीत टाकत. बादलीत कापूस, पट्ट्या, केळीची सालं आणि त्यांत कुठेतरी दडलेल्या सुया. ती रिकामी करायची नंदाबाईनं. हातमोजे मिळत, पण डॉक्टरांनी वापरून फाडल्यावर.

एकदा बोटात सुई घुसली. कुणाच्या रक्ताची, कोण सांगणार? डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांनी रक्त तपासू." ते तीन महिने नंदाबाईनं घरात आपला पेला वेगळा ठेवला आणि नातवाचा एक मुका घेतला नाही. त्याची काही गरज नव्हती, पण तेवढं तिला सांगायला दवाखान्यात कुणाला वेळ नव्हता. रिपोर्ट चांगला आला. नंदाबाईनं ठरवलं, असे तीन महिने पुन्हा नाही.

कापसाची ती वाईट वर्षं. आठवड्याला एखादा तरी माणूस फवारणीचं औषध प्यालेला, ट्रॅक्टरवर आडवा घालून आणत. डॉक्टर पहिल्यांदा विचारत, "कोणतं औषध?" म्हणून नातेवाईक बाटलीही सोबत आणत. माणूस कधी घरी परत जाई, कधी नाही. बाटली मात्र वॉर्डातच राही. खिडकीत अशा नऊ बाटल्या जमल्या होत्या. जाड प्लास्टिक, अरुंद तोंड, घट्ट झाकण, वर कवटीचं चित्र.

नंदाबाईनं त्या मागच्या नळावर तीन-तीनदा धुतल्या, वॉर्डभर खाटांना तारेनं बांधल्या आणि फर्मान काढलं, "सिस्टर, आजपासून सुई याच्यात. बादलीत दिसली तं तुमच्या डब्यात पोयीसंगं वाढीन."

"अगं, कवटी आहे त्याच्यावर!" वॉर्डाच्या इन्चार्ज कुंदा सिस्टर दचकल्या. त्या भल्या बाई होत्या, फक्त कागदाला भीत.

"मंग? आत सुया हायेत. जे आत, ते वर काढलं."

सात महिने कुणाला सुई टोचली नाही. आपली स्कूटर कुठे लावली हे ज्यांना आठवत नसे, ते मोठे डॉक्टरही सुई हातात धरून निमूट बाटलीपाशी जात.

मग जिल्ह्याहून कमलाकर साहेब तपासणीला आले. "विषाच्या बाटल्या? वॉर्डात? पेशंटच्या उशाशी? आणि पेपरवाल्यानं फोटो काढला म्हणजे?" साहेबांचं अगदीच चूक नव्हतं. पण त्यांचा आवाज चढला तो पेपरवाल्याशी आल्यावर.

"साहेब, मंग सुया कुठी टाकाच्या?"

साहेब दिलदार. पंधरा दिवसांत त्यांनी सुया कापायचं यंत्र पाठवलं. बाटल्या मात्र त्याच दुपारी गेल्या.

यंत्र आलं. कुंदा सिस्टरनी त्याला हळदकुंकू वाहिलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. कारण यंत्र त्यांच्या नावावर चढलं होतं. मोडलं तर जाब त्यांना. त्यांच्या आधीच्या सिस्टर निवृत्त होऊनही एका थर्मामीटरच्या चौकशीला अजून यवतमाळच्या खेपा घालत होत्या. साहेब येणार असले की यंत्र टेबलावर येई. साहेब 'उत्तम' असा शेरा लिहीत. यंत्र परत कपाटात, सुया परत बादलीत.

"सिस्टर, त्याले जराशी हवा तं लागू द्या."

"मोडलं तर, नंदाबाई?"

"अन् मी मोडली तं? मी कोनाच्या नावावर चढली हावो?"

सिस्टरचा हात कमरेकडे गेला. किल्ली मात्र हलली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भरलेली बादली उचलताना सुई तिच्या तळहातात पार रुतली. या खेपेला डॉक्टर घाबरले. म्हणाले, लगेच औषध सुरू करायला हवं, तीन दिवसांच्या आत तरी. पण ते मिळत होतं जिल्ह्याला आणि तिथे ते दवाखान्याच्या माणसांसाठी होतं. नंदाबाई ठेकेदाराची. "ठेकेदाराचं पत्र आणा." ठेकेदार नागपूरला. पत्र आलं अकराव्या दिवशी, खाली गोल शिक्का, अगदी नियमात.

पुन्हा पेला वेगळा झाला. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, हिपॅटायटिस बी. ठेकेदारानं तिला कामावरून काढलं. दवाखान्यात आजारी माणूस चालत नाही, असं त्याचं म्हणणं.

तिच्या जागी रुपीबाई आली. पहिल्याच सकाळी नंदाबाई पिशवी घेऊन फाटकाशी उभी. भावाच्या शेतातून आणलेल्या तीन बाटल्या, धुतलेल्या. वरची कवटी विळ्यानं खरडून काढलेली.

"हे घे. आता साहेबाले ओयखू येत नाई."

"कायले वं, बाई?" रुपीबाईनं विचारलं.

नंदाबाईनं रुपीबाईचा हात हातात घेतला, कासारानं बांगड्या भरताना पाहावा तसा उलटासुलटा करून पाहिला, एकेक बोट.

"चांगला हाय," ती म्हणाली. "माहा हातही असाच होता."