पापडाची पाठराखीण

परवा बीडला गेले होते, आमच्या बचत गटाच्या कौसल्येबरोबर. छोट्या विक्रेत्यांसाठी जीएसटीचं एक दिवसाचं शिबिर होतं.

पाऊस लागोपाठ दोन वर्षं रुसला, तेव्हा तेलगावजवळच्या आमच्या गावात आम्ही बायकांनी उडदाचे पापड सुरू केले. पाण्याची बोंब होती, पण ऊन रग्गड! पूर्वी ऊसतोडीला जाणारी कौसल्या आता पुण्या-मुंबईला कुरिअरनं पापड पाठवते. बिलंही तीच करते.

पुढं शेवयाही करू लागलो. त्यांच्यावर टॅक्स आहे, म्हणून गटाला जीएसटी नंबर घेतलेला. पापडावर टॅक्स नाही. पण कुरिअरवाला त्याच्या पावतीत अठरा टक्के लावतो, म्हणून मीच कौसल्येला सांगितलं, "पापडाच्या बिलातही कुरिअरच्या रकमेवर अठरा लाव बाई. सरकारचं सरकारला गेलेलं बरं." गटात मी थोरली, चार कागद वाचणारी... कुणी उलटून विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "पापडाला टॅक्स नाही, मग पाठवायला कसला लावता? गावाकडची माणसं सरळ असतात असं वाटलं होतं!"

कौसल्येचं जेवणात मन लागेना. "मावशी, आपून फसवलं का वो लोकान्ला?" एवढंच विचारायची.

शिबिरात ती उभी राहिली आणि पुण्याच्या बाईंचाच प्रश्न विचारला. शिकवणारे सर म्हणाले, "कुरिअर ही सेवा आहे ताई, अठरा टक्के लागणारच."

"ते कुरिअरवाल्यानं लावावं सर. आमी कुरिअर इकत न्हाई, पापड इकतो. नवरीसंगं पाठराखीण जाती, तिची पंगत येगळी मांडत्यात का कुठं?"

सगळा हॉल हसला. सर मात्र हसले नाहीत... मोबाईलवर नियम काढून वाचत बसले. मग माईक जवळ ओढून म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे, मीच चुकलो. माल आणि तो पोचवणं एकत्रच विकलं, तर मालाचा दर तोच पोचवण्याचा. पापडाला शून्य, तर कुरिअरलाही शून्य."

मागून कुणी ओरडलं, "आन् शेवया?"

सरांच्या आधी कौसल्याच बोलली, "शेवयाचा जो आसंल त्यो!" माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू...

बाहेर पडल्या पडल्या तिनं पुण्याला फोन लावला. मी शेजारीच उभी. आता माझं नाव निघणार, म्हणून पदराशी चाळा करत होते.

"ताई, तुमचं खरं हाय. आमची चूक झाली. ज्याच्या ज्याच्याकडून घेतलं, त्याला परत देणार हाव."

फोन ठेवला, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चला मावशी, गाडी गाठायची हाय."

कागद वाचायला मी शिकले ते वयाच्या चाळिशीत, एकटीनं. दुसऱ्याची चूक 'आमची' म्हणून उचलायला मात्र परवा शिकले... कौसल्येकडून.