माँटगोमेरीत आलेला पुण्याचा फोन

कॉलेजच्या सुट्टीत माझ्या लेकीने, सईने, बीच सोडून अलाबामा निवडलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या जागा बघायला एवढा आटापिटा? नक्की एखादा मुलगा असणार. मग काय, मीही निघाले.

अमेरिकेच्या उत्तरेतल्या आमच्या ट्रॉयहून अलाबामातलं माँटगोमेरी गाडीने तेरा-चौदा तास. एका दमात जाऊ नका, नॅशव्हिलला मुक्काम करा. मोटेलची चादर मी उलटून पाहिली. सकाळी ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्यांची पेज, समोर आली. त्यात चरबी नाही ना, हे मी तीनदा विचारलं.

माँटगोमेरीत पायी टूर घेतली, माणशी पंचवीस डॉलर. गाइड सत्तरीच्या कृष्णवर्णीय बाई. इतक्या प्रेमाने बोलत होत्या की मला वाटलं, टिपवर डोळा आहे. एका जुन्या घरासमोर त्या थांबल्या. "माझ्या आईने हे घर फोनवर ठरवलं होतं. किल्ली घ्यायला आली, तर तिचा रंग बघून मालक म्हणाला, आत्ताच दिलं." माझे डोळे खरंच भरून आले.

तेवढ्यात पुण्याच्या एजंटचा फोन. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटला भाडेकरू मिळाले होते.

"नवरा-बायको दोघं बँकेत, मॅडम. एकदम चांगली पार्टी."

"आडनाव काय?" हा माझा नेहमीचा पहिला प्रश्न. त्याने सांगितलं. मला जात कळली. "त्यांना म्हणावं, आत्ताच दिला."

वळले तर सई मागे उभी.

"आई, यू जस्ट हर्ड हर स्टोरी!"

"अगं, सोसायटीतले लोक..."

"डोन्ट."

तिथून सेल्मा तासाभरावर. हक्कांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या तो तिथला पूल ऊन चढायच्या आत चालून घ्या. सई पूलभर माझ्या वीस पावलं पुढे होती. मुलगाबिलगा कोणी नव्हताच. आधी मला तिचाच राग आला, मग स्वतःची लाज वाटली. परतीच्या वाटेवर ती पेट्रोलपुरतंच बोलली.

जावं का? जरूर जावं, मुलांना घेऊन जावं. माझ्यापाशी मात्र तिथला इतिहास कमी आणि ती लाजच जास्त उरली. शेवटी घरी आल्यावर एजंटकडून त्या बँकेतल्या बाईंचा नंबर घेतला आणि फोन लावला. सई समोर बसली होती.

"हो मॅडम, फ्लॅट आधीच गेला होता ना? होतं असं," त्या म्हणाल्या.

सुटायला वाट होती. "नाही," मी म्हटलं, "गेला नव्हता. तुमचं आडनाव ऐकून मी नकार दिला."



"ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं, मॅडम."