धाकूमामांचा कळप

या सदरातले गूढ अनुभव मी दर महिन्याला नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि मग आम्ही दोघं चहा पीत त्यात खोट काढत बसतो. माझा पेशाच तो आहे. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. कोणी 'चालतंय' म्हणालं की माझं पहिलं वाक्य – 'दाखव'. माहेरी लातूरकडे दाराला लिंबू-मिरची बांधायचे, त्यातलं लिंबू मी सरबताला काढून घ्यायचे आणि बोलणी खायचे. अशी मी आज स्वतः इथे लिहायला बसले आहे... आता खोट तुम्ही काढा.

आमची सोसायटी नांदे-चांदे रस्त्याला. चार विंग, पावणेतीनशे फ्लॅट, गच्चीवरून लवळ्याची टेकडी दिसते. सगळ्यात मागे कंपाउंडला लागून सांडपाण्याचा प्लांट आहे – एसटीपी. वर पत्र्याची शेड, लोखंडी दार, दाराला कुलूप. किल्ल्या दोनच. एक प्लांट चालवणाऱ्या धाकूमामांकडे आणि दुसरी माझ्याकडे, कारण कमिटीत पाण्याचं खातं माझ्या गळ्यात पडलंय.

ज्यांनी असा प्लांट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या बाथरूम-संडासातलं पाणी तिथल्या मोठ्या टाकीत जातं. खालून हवा सोडलेली असते आणि त्या हवेवर जगणारे असंख्य जिवाणू पाण्यातली घाण खाऊन टाकतात. पुढच्या टाकीत ते तळाशी बसतात आणि वरचं नितळ पाणी गाळून परत आपल्याकडे येतं – फ्लशला, बागेला, गाड्या धुवायला. उरलेला गाळ आणि घराघरांतला ओला कचरा यांचा गॅस होतो. त्यावर वॉचमनच्या केबिनपाशी एक शेगडी चालते. त्या शेगडीवरचा चहा सुरुवातीला सोसायटीत कोणी तोंडाला लावेना. मी प्यायले. चहासारखा चहा होता, आलं जरा जास्त होतं एवढंच. जिच्या माहेरी भांडी विसळलेलं पाणी आई जपून परसातल्या पपईला घालायची, तिला चार विंगांचं पाणी असं पुन्हा पुन्हा वापरात येताना बघून काय वाटत असेल? मला त्या प्लांटचा अभिमान आहे. पाहुण्यांना मी आधी तो दाखवते, मग क्लबहाउस.

आणि प्लांटपेक्षाही जास्त अभिमान धाकूमामांचा. मामा साठीचे. घराणं धनगराचं, चांद्याच्या कडेला वस्ती, दारात अजून दहा-बारा शेरडं आहेत. चरायची रानं टॉवरखाली गेली तसे ते आमच्याकडे कामाला लागले. प्लांट बसवणाऱ्या एजन्सीच्या माणसाने चार दिवस शिकवलं, बाकीचं ते स्वतःच शिकले. पाण्यातली हवा मोजायचा मीटर लावायच्या आधी टाकीच्या काठावर उकिडवे बसून वास घ्यायचे. "आज ह्यांचं प्वाट भरलं न्हाई," म्हणायचे आणि मीटर लावला की आकडा तेच सांगायचा. जिवाणूंना ते 'कळप' म्हणत. सणाच्या सुटीत लोक गावाला गेले, सांडपाणी कमी झालं, की बादलीत गूळ कालवून टाकीत घालायचे आणि ते घालताना चक्क हाक मारायचे. शेरडांना मारतात तीच – हुर्रर्र... याऽ याऽ याऽ.

"मामा, त्यांना कान नसतात हो," मी एकदा चेष्टेत म्हटलं.

"शेरडांस्नी तरी माजी भाषा कुटं येती, ताई? आपुन हाय हितं, एवढं कळलं म्हंजी बास."

गेल्या वर्षी भाद्रपद संपत आला तेव्हाची गोष्ट. मामांच्या मुलीचे दिवस भरले होते. ती मुळशी धरणाच्या वर, डोंगरातल्या धनगरवाड्यावर दिलेली. चार वर्षांत पहिल्यांदा मामांनी मोठी रजा घेतली, दहा दिवसांची. निघताना किल्ली वॉचमनकडे न ठेवता मुद्दाम माझ्या घरी आणून दिली आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली.

"ताई, आता लोकं दसरा काढत्याल. चादरी, गोधड्या, पडदं... समदं धुत्याल. त्ये पानी एका दिशी आलं तर कळप मरंल. विंगवारी वाटून द्या. आज ए, उद्या बी. आन् ॲसिड कमी वापरा म्हनावं."

इतकी साधी सूचना. मी त्यांच्यासमोरच ग्रुपवर टाकायला मेसेज टाइप केला. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला आणि मेसेज पाठवायचा राहिला.

गावाकडे हे जमून जातं. कोणी मंगळवारी धुतं, कोणी शुक्रवारी. आमच्याकडे सगळे नोकरदार, सगळ्यांना सुटी शनिवार-रविवारी. घट बसायच्या आधीचा शेवटचा वीकेंड... पावणेतीनशे घरांत एकदम मशीन सुरू. कोणी मुद्दाम केलं नाही, सगळ्यांनी आपापल्या घरी चांगलंच काम केलं. माझ्या सासूबाई खास सोलापूरहून दसरा काढायला आल्या होत्या. आम्ही दोघींनी अकरा गोधड्या धुतल्या आणि दोन्ही बाथरूम ॲसिडने घासून लख्ख केली. मला मामांचं बोलणं आठवलंसुद्धा नाही.

सोमवारी प्लांटच्या शेडमधून पांढरा फेस बाहेर आला. मंगळवारी वास. सडक्या अंड्यांचा तो वास डी विंगच्या सातव्या मजल्यापर्यंत गेला. फ्लश बंद, बाग बंद, दारात टँकर. एजन्सीचे इंजिनिअर शुक्लाजी आले. पन्नाशीचे, भोपाळकडचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी काचेच्या उभ्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी भरून अर्धा तास ठेवलं. प्लांट निरोगी असेल तर अर्ध्या तासात तपकिरी थर खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं. आमचं पाणी राखाडी ते राखाडीच राहिलं. त्यात तळाचा गाळ टाकीत परत फिरवणारा पंपही जळाला होता. त्याची मोटर त्यांनी काढून बाकावर ठेवली.

"मॅडम, सब मर गया," ते म्हणाले. "दूसरे प्लांट से कल्चर लाना पड़ेगा. फिर भी तीन-चार हफ़्ते पकड़ो."

ग्रुपवर चर्चा पेटली. प्लांट बंद पडला तेव्हा ऑपरेटर कुठे होता? रजेवर. म्हणजे चूक कोणाची? चेअरमन देशमुख साहेबांनी रविवारी अकराला मीटिंग ठेवली. विषय एकच – धाकूमामांना काढून प्लांट पूर्ण एजन्सीकडे द्यायचा, सेन्सर लावायचे. "मामा चांगला माणूस आहे, पण हे त्याच्या आवाक्यातलं काम नाही," ते मला म्हणाले.

आणि मी गप्प बसले. माझ्या फोनमध्ये तो न पाठवलेला मेसेज होता आणि मी गप्प बसले. मामांची चार वर्षांची नोकरी जाणार होती, तीही माझ्या विसरण्यापायी... हे मला स्वच्छ दिसत होतं. पण पावणेतीनशे घरांसमोर 'वास माझ्यामुळे आला' म्हणायचं धाडस होईना. मामांना फोन लावत होते, तो लागत नव्हता. वर रेंज नसते. खरं सांगू? तो लागला नाही की मला बरं वाटायचं.

शनिवारी संध्याकाळी सहाला शुक्लाजींनी माझ्यासमोर पुन्हा सिलिंडर लावला. राखाडी. सोमवारी नवीन कल्चरचा, म्हणजे दुसऱ्या प्लांटमधल्या जिवंत जिवाणूंचा, टँकर सांगितला आणि शेडला कुलूप मी माझ्या हाताने घातलं. दोन्ही किल्ल्या माझ्याच पर्समध्ये होत्या.

रविवारी सकाळी आठला शुक्लाजी आणि मी परत गेलो. मीटिंगसाठी शेवटचं रीडिंग हवं होतं. ते खराब यावं असंच मला वाटत होतं हेही कबूल करते, कारण सगळं मेलेलंच आहे म्हटल्यावर बोलून तरी काय उपयोग, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. स्वच्छ ऊन पडलं होतं. मी कुलपात किल्ली घातली आणि आतून आवाज आला.

हुर्रर्र... याऽ याऽ याऽ.

पहिल्यांदा मला आनंदच झाला – मामा आले! मग हातातल्या कुलपाकडे लक्ष गेलं. शुक्लाजींनी माझ्याकडे पाहिलं. "अंदर कौन है?" त्यांनी विचारलं, म्हणजे आवाज त्यांनाही आला होता.

दार उघडलं. आत कोणी नव्हतं. पण हाक चालूच होती. हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या घरघरीच्या वर स्पष्ट ऐकू येत होती आणि सरकत होती. आधी टाकीच्या डाव्या टोकाला, मग मधोमध, मग उजवीकडे... मधोमध पाणी आहे हो, तिथे उभं राहायला जागाच नाही. मागून कळपावर नजर ठेवत माणूस चालतो ना, त्या चालीने ती हाक त्या टोकाला गेली आणि थांबली. आम्ही दोघं दारात उभे. मला भीती वाटली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. आपल्या माणसाचा आवाज होता तो.

मग वास आला. सडका नव्हे. निरोगी प्लांटला ओल्या मातीचा एक वास असतो, तो. टाकीतलं पाणी छान तपकिरी झालं होतं. शुक्लाजींनी सिलिंडर भरला. अर्धा तास आम्ही त्याच्यासमोर बसून होतो. तळाशी तपकिरी थर बसला, वर पाणी इतकं नितळ की पलीकडचं भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं. त्यांनी तीनदा नवीन पाणी घेऊन पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

सव्वादहाला माझा फोन वाजला. मामा. आवाज इतका बसलेला की आधी मी ओळखलंच नाही.

"ताई... नात झाली. दोगी खुशाल हायेत."

"मामा, तुमच्या घशाला काय झालं?"

ते आधी खाकरले. मग म्हणाले, "सांगू नये, पर सांगतो. काल सांच्याला एकदम जीवच लागंना. माजी जनावरं पांगली, वाट चुकली, असं वाटाया लागलं. पटारावर जाऊन हाका मारल्या. आज उजाडल्यापास्नं पुन्ना. जावाय म्हनतोय, मामा, तुमची शेरडं चांद्याला दावनीला हायेत, हितं कुनाला हाका मारताय? मला तरी कुटं ठावं! आता जरा बरं वाटतंय, म्हनून रेंजला आलो. तितलं समदं बरं हाय न्हवं?"

मला रडू आलं. दसऱ्याचं, मेसेजचं, सगळं त्यांना सांगून टाकलं. पलीकडून नुसतं "व्हय... व्हय..." येत राहिलं.

अकराला मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि फोनमधला तो मेसेज वाचून दाखवला. मामांनी काय सांगितलं होतं, मी काय केलं, आपण सगळ्यांनी मिळून काय केलं, ते सांगितलं. देशमुख साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि विषय मागे घेतला. शुक्लाजींनी प्लांट चालू असल्याचं सांगितलं. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही नाही. सोमवारचा टँकर रद्द झाला.

नंतर शुक्लाजींनी आणि मी खूप डोकं लढवलं. तळाशी थोडे जिवाणू जिवंत राहिले असतील? असतील, पण ते वर आणणाऱ्या पंपाची मोटर बाकावर पडलेली होती. आणि एका रात्रीत एवढी वाढ? शुक्लाजी म्हणतात, पंचवीस वर्षांत पाहिली नाही. कंपाउंडपलीकडून कोणी गुराखी ओरडला असेल? तिकडे दुसऱ्या सोसायटीचं पार्किंग आहे. माझ्या सगळ्या टेस्ट तिथे संपतात.

सोमवारी दुपारी मामा आले. मी त्यांना उत्साहाने सिलिंडर दाखवला, मीटर दाखवला, 'बघा, सगळं पूर्ववत झालं,' असं म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. टाकीच्या काठावर उकिडवे बसले, वास घेतला आणि बसक्या आवाजात मला विचारलं –

"कळपातली गेली किती?"

मामांनी डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ ते पाण्याकडे बघत बसले. मी चपला काढल्या आणि त्यांच्याशेजारी बसले.