विहीणबाईची मान

लातूरच्या क्लासांच्या गल्लीत शिवमूर्तीचं दुकान विचारा, कुणीही बोट दाखवील. ‘पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत’ ही पाटी लांबूनच दिसते. तिच्याखाली बारक्या अक्षरांत ‘जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर करून मिळतील’ असंही लिहिलंय, पण ते वाचायला वेळ आहे कुणाला? सगळा गाव डॉक्टर व्हायला निघालेला.

गडी मूळचा उदगीरचा. किल्लारीच्या भूकंपाच्या आधी चार-पाच वर्षं खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेऊन त्यानं त्या भागातली लग्नं पालथी घातली. पुढं नवे कॅमेरे आले, नवी माणसं आली, आणि हा लातुरात येऊन फॉर्मावरचे फोटो काढत बसला. दिवसभर त्याच्या तोंडी एकच मंत्र: हलू नका.

दोन हजार एकोणीसच्या जुलैत सिंधु आली, सोबत लेक आरती. पोरगी क्लासला, आणि तिला दोन वेळचं घरचं मिळावं म्हणून आई भाड्याच्या खोलीत. या गल्लीत अशा आया ढिगानं. फॉर्मावर पालकाचा फोटो पाहिजे होता. शिवमूर्तीनं तीनदा काढला, तिन्ही वेळा हलला. मग त्याचं डोकं तापलं. ताई, हलायलाव तुम्ही, म्हणाला. मी कुठं हलले, म्हणून तीही फणकारली. चौथा कसाबसा बरा आला, तोच दिला. जाता जाता तिनं ती खालची पाटी वाचली.

दुसऱ्या दिवशी ती कॅसेट घेऊन हजर. वरच्या कागदावर ‘मूर्ती व्हिडिओ, उदगीर, मे ९३’. आपलंच अक्षर शिवमूर्तीनं लगेच ओळखलं. हे सिंधुचंच लग्न. माहेर किल्लारीच्या अलीकडचं. मे महिन्यात ती सासरी गेली आणि सप्टेंबरात सारं माहेर दगडमातीखाली गेलं, आई विठाबाई, घर, फोटोंची ट्रंक, सगळं. कॅसेट तेवढी सासरी होती म्हणून वाचली, पण ती लावायला तिथं मशीन कधी नव्हतं.

“आईचा एकबी फोटो न्हाई,” सिंधु म्हणाली. “आता डोळे मिटले तरी तिचं तोंड समोर येईना झालंय. आरतीनं तर आज्जी बघितलीच न्हाई. ह्यात आई असंलच की.”

असंल, एवढंच शिवमूर्ती बोलला. खरी गोष्ट त्यानं सांगितली नाही. त्या लग्नात नवरदेवाच्या बापानं सकाळीच त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, विहीणबाईची मान हलती, तिला घेऊ नको, कॅसेटीत बरं दिसत न्हाई. आणि यानंही मान डोलावली होती.

कॅसेटीला पांढरी बुरशी धरलेली. त्यानं ती उघडून हळूहळू पुसली, पुढं-मागं गुंडाळून फीत मोकळी केली आणि रेणुकामातेचं नाव घेऊन लावली. चित्र आलं, पण काय आलं! मांडवाचे खांब वळवळत होते, माणसांच्या कडा फाटल्या होत्या. चित्र लई हलायलंय, असं त्यानं फोनवर सिंधुला सांगितलं आणि पलीकडून ‘काय हलायलंय?’ असा घाबरा आवाज आला. भूकंप सोसलेल्या माणसाजवळ ‘हलायलंय’ म्हणू नये, हे त्याला उशिरा उमगलं. चित्र थाऱ्यावर न्हाई, करतो नीट, अशी त्यानं सारवासारव केली.

इलाज त्याला ठाऊक होता. टीव्हीचं चित्र म्हणजे एकाखाली एक शेकडो रेघा. फीत ताणली, सैलावली की कुठली रेघ आधी येते, कुठली मागनं, म्हणून खांब वळवळतात. शिवमूर्तीजवळ एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर होता. बायकोनं चारदा भंगारात काढलेला, यानं चारदा परत आणलेला. तो प्रत्येक रेघेला क्षणभर थांबवतो आणि ठोक्यावर सोडतो, कवायतीच्या मास्तरासारखा. कॅसेट त्याच्यातून गेली आणि खांब सरळ उभे राहिले.

विठाबाई सापडली ती थेट शेवटी, पाठवणीत. लेकीची ओटी भरताना. त्या वेळी शिवमूर्ती ते बजावणं विसरला होता आणि कॅमेरा जवळ नेला होता. अख्ख्या लग्नात एवढंच, पाऊण मिनिट. पण इथं खांब सरळ असूनही तोंड हलतच होतं. मान हलती हे त्या नादात त्याच्या ध्यानातच आलं नाही; आपलाच हात हलला असंल, असं धरून त्यानं कॉम्प्युटरमधला हलणं काढायचा फिल्टर लावला. तोंड जागच्या जागी थांबलं. भलताच खूश झाला पठ्ठ्या.

रविवारी मायलेकी आल्या. सिंधु पडद्याकडं बघत राहिली. रडली नाही.

“तोंड तिचंच हाय,” ती सावकाश म्हणाली, “पण ही माझी आई न्हाई. तिची मान हलायची. भाकरी थापताना, बोलताना, सारखी न्हाई न्हाई म्हणल्यागत. ती मान कुठं गेली?”

शिवमूर्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकदा तरुणपणी दुसऱ्याचं ऐकून, आणि आता शहाणपणा करून, दोन्ही वेळा त्यानं त्या बाईला पुसलं होतं. मग त्यानं काही हातचं राखलं नाही, नवरदेवाच्या बापाचं बोलणं जसंच्या तसं सांगून टाकलं.

“सासऱ्यानं सांगितलं अन् तुम्ही ऐकलं,” सिंधु म्हणाली. “आता तिची मान परत द्या.”

त्यानं फिल्टर काढला. रेघा सरळ करणं तेवढं ठेवलं. फितीचं हलणं गेलं, माणसाचं राहिलं. सरळ खांबांपुढं विठाबाई लेकीच्या ओटीत नारळ घालत होती आणि तिची मान न्हाई न्हाई म्हणत होती. आता सिंधुचा बांध फुटला. आई, आई गं, असं म्हणत ती लहान पोरीसारखी रडली.

आरती आळीपाळीनं पडद्याकडं आणि आईकडं बघत होती. “मम्मी,” ती म्हणाली, “तू पण अशीच करती. भाजी निवडताना.”

सिंधुनं मानेला हात लावला. हाताखाली ती बारीकशी हलत होती. शिवमूर्तीला ते तीन फोटो आठवले, आणि आपण चिडून बोललो तेही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, त्या दिवशीचे हललेले फोटो हायेत का? कॉम्प्युटरात होते. त्यानं त्यातला सगळ्यात जास्त हललेला छापला. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला हललेला फोटो त्यानं पहिल्यांदाच दिला.

सिंधुनं तो आरतीच्या हातात ठेवला. “जपून ठेव,” ती म्हणाली. “तुझ्या लेकरानं आज्जी कशी होती म्हणून विचारलं, तर हा दाखव.”